रबराचे वय

"बुश गेलंय, साहेब." गॅरेजमधल्या मिस्त्रीच्या तोंडून हे वाक्य ज्याने ऐकले नाही, असा गाडीमालक आपल्याकडे विरळाच. आपण मान डोलावतो, किती खर्च येईल ते विचारतो आणि निघून येतो. बुश म्हणजे नेमके काय आणि ते 'जाते' म्हणजे त्याचे काय होते, हे विचारायचे राहूनच जाते. रोजच्या वापरातल्या गाडीच्या बाबतीत हे अज्ञान फारसे महागात पडत नाही. पण जुन्या स्पोर्ट्स कारची गोष्ट वेगळी आहे. चालवणाऱ्याला ज्या अनुभवासाठी अशी गाडी हवी असते, त्याचा मोठा भाग या काही मुठीएवढ्या रबरी तुकड्यांवर अवलंबून असतो. आणि गाडीतल्या सगळ्या टिकाऊ वस्तूंमध्ये हे तुकडे सर्वांत नाशवंत असतात. या लेखापुरते एकच उदाहरण घेऊ : जपानच्या माझ्दा कंपनीची एमएक्स-५, म्हणजेच अमेरिकेतली 'मियाता'.

ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात प्रथम दिसली. साठच्या दशकातल्या इंग्लिश रोडस्टर गाड्या, विशेषतः १९६२ची लोटस एलान, तिच्या कर्त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. इंजिन १.६ लिटरचे, वजन टनाच्या आत. ताकदीच्या आकड्यांत या गाडीने कोणाला दिपवले नाही, तसा तिचा हेतूही नव्हता. प्रमुख अभियंता तोशिहिको हिराई यांनी सहकाऱ्यांपुढे ठेवलेला शब्द होता 'जिन्बा इत्ताई' : घोडा आणि स्वार एकजीव. धावत्या घोड्यावरून बाण सोडणाऱ्या तिरंदाजाच्या परंपरेशी नाते सांगणारा हा शब्दप्रयोग आहे. पहिल्या पिढीच्या या गाड्या १९९७पर्यंत बनत होत्या आणि त्यांची संख्या चार लाखांच्या पुढे गेली. त्यांतली सर्वांत धाकटी गाडीही आता पंचविशी ओलांडून गेली आहे.

घोडा आणि स्वार एकजीव होण्यासाठी घोड्याचे पाय जमिनीशी प्रामाणिक हवेत. म्हणून या गाडीच्या चारही चाकांना 'डबल विशबोन' पद्धतीचे सस्पेन्शन आहे. चाकाच्या आतल्या बाजूला एकावर एक असे दोन पोलादी हात असतात. त्यांची बाहेरची टोके चाकाचा हब धरतात, तर आतली टोके गाडीच्या सांगाड्याशी बिजागरीसारखी जोडलेली असतात. चाक खड्ड्यात गेले की दोन्ही हात खाली झुकतात, उंचवट्यावर चढले की वर येतात. पण त्यांच्या लांबीचे प्रमाण असे साधलेले असते की वळणावर गाडी कलली तरी टायर रस्त्याला शक्य तितका सपाट टेकून राहतो. ही रचना काही परग्रहावरची नव्हे. मुंबईची टॅक्सी म्हणून आपण ज्या प्रीमियर पद्मिनीत बसलो, तिच्याही पुढच्या चाकांना असेच दुहेरी हात होते. मागे मात्र पाटे. एमएक्स-५ने हीच कल्पना चारही चाकांना लावली.

आता त्या बिजागऱ्या. दाराच्या बिजागरीत खिळा फिरतो, धातूवर धातू घासतो, म्हणून तेल घालावे लागते. सस्पेन्शनच्या बुशमध्ये असे काहीच घासत नाही. मधोमध पोलादाची एक छोटी नळी, बाहेर पोलादाचे कडे आणि दोहोंच्या मध्ये दोन्हीला पक्के चिकटवलेले रबर, एवढीच त्याची रचना. बाहेरचे कडे हाताच्या डोळ्यात दाबून बसवलेले असते आणि आतली नळी बोल्टने सांगाड्याला आवळलेली असते. हात वर-खाली होतो तेव्हा आतली नळी जागच्या जागी राहते, बाहेरचे कडे थोडे फिरते आणि मधले रबर पिळवटते. पिळवटून पुन्हा सरळ होणे हेच त्याचे काम. ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी. पुढे जुळणी करताना सगळे तिच्यावर येऊन ठेपते.

रबर पिळवटण्यापलीकडेही एक काम करते. रस्त्याची बारीक थरथर ते गिळते. ते किती गिळायचे आणि किती पोहोचू द्यायचे, हे अभियंत्याने ठरवायचे असते. फार मऊ रबर घातले तर चाक मनमानी करते आणि स्टिअरिंग धूसर होते. फार कडक घातले तर रस्त्यावरचा प्रत्येक खडा पाठीच्या मणक्याला कळतो. शिवाय एकच बुश एका दिशेने कडक आणि दुसऱ्या दिशेने मऊ ठेवता येतो. गाडीचा स्वभाव म्हणून आपण जे काही ओळखतो, त्याचा मोठा हिस्सा या निवडीत असतो आणि तो कोणत्याही चकचकीत छायाचित्रात दिसत नाही.

आणि रबर म्हातारे होते. व्हल्कनायझेशनमध्ये गंधकाने त्याच्या लांब रेणूंना एकमेकांशी बांधलेले असते. म्हणून ते ताणले तरी मूळ आकारात परतते. हवेतला प्राणवायू आणि उष्णता ही बांधणी वर्षानुवर्षे बदलत राहतात आणि रबर हळूहळू ताठर होते. ओझोनमुळे ताणलेल्या पृष्ठभागावर ताणाच्या आडव्या दिशेने भेगा पडतात. इंजिनातून तेल गळत असेल तर नैसर्गिक रबर फुगते आणि लिबलिबीत होते. शेवटी रबर पोलादापासून सुटते, तेव्हा मिस्त्री म्हणतो, "बुश गेलंय." यातली मेख अशी की, हे सगळे गाडी उभी असतानाही चालू असते. मीटर थांबला म्हणून रसायनशास्त्र थांबत नाही.

त्यामुळे जुन्या गाड्यांच्या बाजारात एक गमतीशीर विसंगती दिसते. फार कमी चाललेली, 'सगळे भाग मूळचे' असलेली गाडी सर्वांत महाग. पण तीस वर्षे झाकून ठेवलेल्या त्या गाडीचे रबर मूळचे असल्यामुळेच तिची चाल मूळची उरलेली नसते. ती चालवून पाहणारा तरुण समजतो की एमएक्स-५ अशीच होती, थोडी ठणठणीत, थोडी भरकटणारी. उगाच कौतुक झाले. आपल्याकडे तबल्याची पुडी बदलली म्हणून तबला खोटा झाला असे कोणी म्हणत नाही. उलट सैल पुडीवर वाजवणाऱ्यालाच नावे ठेवतात. मोटारींच्या शौकिनांना हे अजून पुरते पटलेले दिसत नाही. माझ्दाने मात्र २०१७मध्ये पहिल्या पिढीच्या गाड्यांच्या जीर्णोद्धाराचा उपक्रम जपानमध्ये जाहीर केला, तेव्हा बंद झालेले अनेक भाग पुन्हा बनवायला घेतले. नार्डीचे लाकडी स्टिअरिंग त्यात होतेच, पण मूळ गाडीला असलेल्या ब्रिजस्टोनच्या एसएफ-३२५ टायरचीही पुन्हा निर्मिती झाली. टायर हाही शेवटी रबराचाच.

बुश गेल्याची लक्षणे बोलकी असतात. टायर आतल्या कडेला झिजतो. गतिरोधकावर 'टक' असा आवाज येतो. ब्रेक दाबला की गाडी किंचित एका बाजूला ओढते. व्हील अलाइनमेंट करून आणली तरी महिन्याभरात पुन्हा बिघडते, कारण हाताचा खुंटाच हलतो आहे. गाडी उचलून हाताच्या डोळ्यापाशी छोटी पहार अडकवून रेटली तर निकामी बुशमधली नळी एका बाजूला सरकताना दिसते. याच वेळी बॉल जॉइंटवरचे रबरी टोपण फाटले आहे का, हे पाहावे. जपानच्या 'शाकेन' या सक्तीच्या तपासणीत एवढ्यावरूनही गाडी नापास होते, आणि ते योग्यच आहे. फाटक्या टोपणातून पाणी आणि वाळू आत गेली की सांधा झिजतो, आणि तो निखळला तर चाक आडवे होते. शॉकॲब्सॉर्बरच्या दांड्यावर फेसासारख्या मऊ पदार्थाचा एक ठोकळा असतो. या गाडीत त्याचा बहुधा भुगा झालेला सापडतो. तो नसला की मोठ्या खड्ड्यात धातूवर धातू आपटतो, आणि नवे शॉकॲब्सॉर्बरही लवकर मरतात. कोपरा दाबून गाडी किती वेळा हलते ते मोजण्याच्या लोकप्रिय परीक्षेवर माझा विशेष भरवसा नाही. त्यापेक्षा दांड्यावरून ओघळलेले तेल खरे बोलते.

उघडताना खरा छळ कॅम बोल्टचा. खालच्या हातांचे हे बोल्ट विक्षिप्त चकतीचे असतात. ते फिरवले की हाताचे टोक आत-बाहेर सरकते आणि त्यावरच अलाइनमेंट साधतात. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. ते खारे पाणी बोल्ट आणि बुशची आतली नळी यांच्यामध्ये शिरते आणि गंजाने दोन्ही एकजीव होतात. इथे घोडा आणि स्वार वेगळे करायचे असतात. गंज सोडवणारे तेल चार-पाच दिवस आधीपासून रोज सोडत राहावे. तरीही बोल्ट हलला नाही तर बुशच्या दोन्ही बाजूंनी करवतीने कापून नवा घ्यावा. घणाने ठोकत बसले तर सांगाड्याचा कान वाकतो, आणि तो सरळ करणे हे बोल्टपेक्षा कितीतरी महाग. जुना बुश प्रेसवर दाबून काढावा. काही जण तो जाळून काढतात. त्या धुराने फुप्फुसांचे नुकसान होते, शिवाय जळके कडे आतच अडकून राहते. आणि स्प्रिंग काढताना घाई नको. या गाडीत ती शॉकॲब्सॉर्बरभोवतीच असते, दाबलेली. कॉम्प्रेसर लावून तिचा ताण ताब्यात घेतल्याशिवाय वरचा नट सोडणे म्हणजे जिवाशी खेळ.

नवे बुश कोणते घ्यावे, यावर शौकिनांत कडाक्याचे वाद आहेत. पॉलियुरेथेनचे बुश हाताने बसतात, त्यांना प्रेस लागत नाही; तेलाने ते फारसे बिघडत नाहीत आणि चाकाची भूमिती घट्ट धरतात. शर्यतीच्या ट्रॅकसाठी ते उत्तमच. पण ते पोलादाला चिकटलेले नसतात, नळीवर घसरतात; ग्रीस आटले की कुरकुरतात आणि रस्त्याचा खडबडीतपणा थेट आत पाठवतात. ज्या मऊपणाची निवड मूळ अभियंत्याने जाणूनबुजून केली, तो मऊपणा त्यांत नसतो. रस्त्यावर चालवायच्या गाडीला रबरच घालावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र 'जुना पण न वापरलेला' म्हणून विकला जाणारा वीस वर्षांपूर्वीचा बुश स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. खोक्यातले रबरही म्हातारे होतच असते.

आता जुळणी, आणि ती पिळवटण्याची गोष्ट. गाडी जॅकवर असताना चाके खाली लोंबत असतात. त्या स्थितीत बोल्ट कचकचून आवळले तर बुशची आतली नळी तिथेच पकडली जाते. मग गाडी जमिनीवर आली की हात वर येतात आणि रबर पिळवटते. गाडी नुसती उभी असली तरी ते पिळवटलेलेच राहते. गाडी थोडी उंच बसते, चाल ताठ होते, आणि महाग नवे रबर अल्पावधीत फाटते. मग दोष दिला जातो बुश बनवणाऱ्याला. म्हणून सगळे बोल्ट आधी फक्त हाताने टेकवावेत, गाडी चाकांवर उतरवावी, थोडी पुढे-मागे ढकलून आणि दाबून तिला तिच्या नैसर्गिक उंचीवर बसू द्यावे, आणि मगच, सगळा भार चाकांवर असताना, खाली शिरून शेवटचे आवळावे. खड्डा किंवा रॅम्प लागतो, पाठ मोडते, म्हणून हीच पायरी सर्वाधिक वेळा गाळली जाते.

त्यानंतर अलाइनमेंट. कॅम बोल्टवर ती होते तेव्हा ते पुन्हा सैल करून आवळावे लागतात, तेही अर्थात चाके जमिनीवर असतानाच. बसवण्यापूर्वी प्रत्येक बोल्टच्या अंगाला गंजरोधक ग्रीसचा पातळ थर द्यावा, म्हणजे आणखी वीस वर्षांनी हेच रबर बदलायला जो कोणी गाडीखाली शिरेल, त्याला करवत शोधावी लागणार नाही.