समाजकार्य शिकणाऱ्या मुलांसाठी लायब्ररी: पुस्तकांपलीकडे काय काय मिळतं?

गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतली मुलं-मुली बी.एस.डब्ल्यू., एम.एस.डब्ल्यू., समाजशास्त्र, राज्यशास्त्र अशा विषयांकडे वळू लागली आहेत. आम्ही शाळेत शिकवतो. दहावी-बारावी करून गेलेली मुलं ईदला भेटायला येतात, तेव्हा त्यांच्या अडचणी कानावर पडतात. फी, होस्टेल, स्कॉलरशिप या अडचणी सगळ्यांना माहीत आहेत. एक अडचण मात्र मुलं घरी सांगत नाहीत, कारण अम्मी-अब्बूंना ती कळणार नाही असं त्यांना वाटतं. ती म्हणजे शेवटच्या वर्षाचा लघुशोधप्रबंध, ज्याला मुलं 'डेझर्टेशन' म्हणतात.

विषय ठरतो, सर्व्हेचे फॉर्मही भरून होतात, पण "आधी यावर कुणी काय लिहिलंय?" असं गाईडनी विचारलं की गाडी अडते. मग कुणीतरी सल्ला देतं की अमुक दुकानात तयार प्रोजेक्ट मिळतो, नाव बदलायचं आणि बाइंडिंग करायचं. खरं तर या अडचणीवरचा इलाज कॉलेजच्या आवारातच असतो आणि त्याचे पैसे आपण फीमध्ये आधीच भरलेले असतात. तो इलाज म्हणजे लायब्ररी. तिचा उपयोग नेमका कसा करायचा, ते आज पाहू.

हा विषय आपल्या मोहल्ल्यातूनच सुरू झाला

भारतातलं समाजकार्याचं पहिलं व्यावसायिक शिक्षण १९३६ साली मुंबईत सुरू झालं. सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क असं त्या संस्थेचं नाव होतं, आणि तिची सुरुवात झाली नागपाड्यात. क्लिफर्ड मॅनशार्ट हे तिचे पहिले संचालक. त्याआधी ते नागपाडा नेबरहुड हाऊस हे वस्तीकेंद्र चालवत होते. हीच संस्था पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे 'टिस' झाली. आज ती देवनारला, गोवंडीच्या शेजारी आहे आणि तिची लायब्ररी सर दोराबजी टाटांच्या नावाने ओळखली जाते.

हे सांगायचं कारण असं की नागपाडा, गोवंडी, भिवंडी, मालेगाव यांच्यावर अभ्यास होत आले आहेत आणि पुढेही होतील. आपल्या गल्लीत वाढलेली मुलगी जेव्हा त्याच गल्लीवर लिहिते, तेव्हा आतली माहिती तिच्याकडे असतेच. पण विद्यापीठात नुसतं "आम्हाला माहीत आहे" चालत नाही. पुरावा लागतो, आधीच्या अभ्यासाचा आधार लागतो. तो लायब्ररीत मिळतो.

ग्रंथपालांना विचारायला लाजू नका

आपल्याकडे लायब्ररी म्हणजे कार्ड दाखवायचं, पुस्तक घ्यायचं आणि पंधरा दिवसांनी परत करायचं, एवढंच चित्र असतं. पण विद्यापीठाच्या लायब्ररीत संदर्भसेवा नावाचं काम असतं. विद्यार्थ्याचा प्रश्न ऐकून त्याला योग्य साहित्यापर्यंत पोहोचवणं हे त्या खुर्चीचं कामच आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला एक नियम वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतो. म्हणजे प्रश्न विचारून आपण कुणावर ओझं टाकत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, मालेगावची एक विद्यार्थिनी 'मुस्लिम महिलांच्या समस्या' हा विषय घेऊन येते. हा विषय इतका मोठा आहे की त्यावर आयुष्य जाईल. ग्रंथपाल तिला विचारतील: कुठल्या महिला? कोणत्या वयाच्या? कोणती समस्या? दहा मिनिटांच्या बोलण्यात विषय असा होऊ शकतो: 'यंत्रमाग कामगारांच्या घरातील मुलींचं दहावीनंतरचं शिक्षण'. आता शोधायला सुरुवात करता येते.

शोध कुठे आणि कसा घ्यायचा

*पुस्तकं.* बऱ्याच लायब्रऱ्यांत पुस्तकं ड्युई पद्धतीने क्रमांक देऊन लावलेली असतात. ३०० ते ३९९ हा सामाजिक शास्त्रांचा विभाग. समाजकल्याण आणि सामाजिक समस्या ३६१-३६२ मध्ये, कामगारांचे प्रश्न ३३१ मध्ये, शिक्षण ३७० मध्ये. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या मुलीला तीन वेगवेगळ्या कपाटांपाशी जावं लागेल. लायब्ररीच्या कॉम्प्युटरवरही तिने फक्त 'मालेगाव' टाकून थांबू नये. यंत्रमाग, पॉवरलूम, ड्रॉपआउट, भिवंडी, इचलकरंजी असे शब्दही टाकावेत. मालेगाववर मिळालं नाही तरी भिवंडीवरचा अभ्यास तिला उपयोगी पडेल, कारण धंदा तोच आहे.

*नियतकालिकं.* ताजा विचार पुस्तकांत उशिरा येतो, नियतकालिकांत आधी येतो. मुंबईतून निघणारं 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली', टिसचं १९४० पासूनचं 'इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क' आणि मराठीत 'समाज प्रबोधन पत्रिका' ही नावं लक्षात ठेवा. महागडी परदेशी जर्नल्स सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना मिळावीत म्हणून १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाली आहे. तिच्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल्स आहेत. आपलं कॉलेज त्यात येतं का, हे लायब्ररीत विचारा. खासगी कॉलेज असेल तर 'एन-लिस्ट'चं सदस्यत्व आहे का, तेही विचारा.

*प्रबंध.* गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं 'शोधगंगा' हे भांडार प्रत्येकाने उघडून पाहावं. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध तिथे प्रकरणवार वाचता येतात. पैसे नाहीत, पासवर्ड नाही. मराठीत आणि उर्दूत लिहिलेले प्रबंधही आहेत. आपल्या विषयाजवळचा एक प्रबंध सापडला की त्याच्या शेवटची संदर्भसूची पाहा. पुढच्या महिनाभराचं वाचन तिथेच मिळतं.

*सरकारी अहवाल.* सच्चर समितीचं नाव आपल्याकडे प्रत्येक भाषणात येतं, पण २००६ चा तो अहवाल उघडून वाचणारे थोडे. महाराष्ट्रापुरता मेहमूद-उर-रहमान समितीचा अहवाल २०१३ साली आला. समितीचं नाव घेणं वेगळं आणि अहवालातलं पान व तक्ता दाखवणं वेगळं. परीक्षक दुसऱ्याला मार्क देतात.

आकडे कुठे संपतात, तिथून आपलं काम सुरू होतं

जनगणनेचा सी-१ तक्ता धर्मनिहाय लोकसंख्या सांगतो. २०११ मध्ये महाराष्ट्रात मुस्लिमांचं प्रमाण ११.५४ टक्के होतं, हा आकडा त्यातलाच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्हावार पत्रकंही मोफत मिळतात.

पण या आकड्यांना मर्यादा आहेत. जनगणनेत धर्मनिहाय माहिती शहरापर्यंत मिळते, वॉर्डनिहाय मिळत नाही. आरोग्य सर्वेक्षणाच्या जिल्हा पत्रकात धर्मनिहाय आकडे नसतात. म्हणजे मालेगावच्या एका मोहल्ल्यात दहावीनंतर किती मुली शिकतात आणि कशामुळे थांबतात, हे कुठल्याही सरकारी तक्त्यात सापडणार नाही. नेमकी हीच जागा आपल्या विद्यार्थिनीने भरायची आहे. लायब्ररीत बसून "यावर कुणी लिहिलेलं नाही" हे तपासून सांगता आलं, तर तिच्या पन्नास घरांच्या सर्व्हेला किंमत येते. न तपासता केलेला सर्व्हे नुसते भरलेले फॉर्म राहतात.

तयार प्रोजेक्टचा धोका

वाङ्मयचौर्याबाबत यूजीसीचे नियम २०१८ पासून लागू आहेत. प्रबंधातलं साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत गेलं तर ठरावीक मुदतीत दुरुस्त करून द्यावं लागतं. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर प्रबंध सादर करायला बंदी आणि ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. तपासणी सॉफ्टवेअरवर होते. विकतचा प्रोजेक्ट आधी कुणीतरी दिलेला असेल तर तो पकडला जाऊ शकतो. दोन वर्षांची फी आणि मेहनत त्यासाठी पणाला लावू नका.

दुसऱ्याचं वाक्य घेणं हा गुन्हा नाही, पण ते कुणाचं आहे हे लिहिलं पाहिजे. संदर्भ नीट लिहायला 'झोटेरो' हे मोफत सॉफ्टवेअर आहे. अनेक लायब्रऱ्या सत्राच्या सुरुवातीला त्याचं आणि साम्य तपासणीचं प्रशिक्षण देतात. नोटीस बोर्डावर लक्ष ठेवा आणि नाव नोंदवा.

वालिदैनसाठी दोन शब्द

मुलगी म्हणते, "आज लायब्ररीत बसणार आहे, उशीर होईल." घरात लगेच प्रश्न येतो: पुस्तक घरी आणून वाचता येत नाही का? काळजी आम्हाला कळते, आमच्याही घरात मुली आहेत. पण संदर्भग्रंथ, जुनी नियतकालिकं, अहवाल यांपैकी बरंच काही घरी नेता येत नाही. तिथेच बसून टिपणं काढावी लागतात.

मार्ग काढता येतो. लायब्ररीची वेळ विचारून घ्या, एकदा स्वतः जाऊन जागा पाहून या, मैत्रिणींचा गट करून आठवड्याचे दोन दिवस ठरवा. बऱ्याच विद्यापीठांत 'इन्फेड'सारख्या सेवेतून विद्यार्थ्याला घरून लॉगिन करता येतं. ते सुरू करून घेतलं तर जर्नल्सचं वाचन मोबाइलवरही होतं, आणि लायब्ररीतला वेळ घरी न नेता येणाऱ्या कागदांसाठी वापरता येतो. मुलगा असो वा मुलगी, शेवटच्या वर्षात दुकानावर बसण्याची किंवा पाहुण्यांची जबाबदारी थोडी कमी केली, तर तीही तालीमला केलेली मदतच आहे.

पहिल्याच महिन्यात करायची कामं

- लायब्ररी कार्ड काढा. एका वेळी किती पुस्तकं मिळतात ते विचारा.
- बुक बँक योजना आहे का, त्यात आपण बसतो का, ते विचारा.
- घरून लॉगिन करण्यासाठीचं युजरनेम आणि पासवर्ड मागून घ्या.
- संदर्भ विभागातल्या ग्रंथपालांना आपला विषय सांगा. विषय पक्का नसला तरी सांगा.
- आपल्या कॉलेजात पुस्तक नसेल तर दुसऱ्या लायब्ररीतून मागवता येतं का ते पाहा. अनेक मोठ्या लायब्रऱ्या कॉलेजचं पत्र दाखवल्यास बाहेरच्या विद्यार्थ्यांना बसून वाचू देतात. नियम आणि फी जागेप्रमाणे बदलते, म्हणून आधी फोन करा.
- वाचलेल्या प्रत्येक गोष्टीचं लेखक, वर्ष आणि पान त्याच दिवशी लिहून ठेवा.

आणि प्रबंध मंजूर झाला की त्याची एक प्रत आपल्या मोहल्ल्यातल्या वाचनालयात किंवा शाळेत द्या. पुढच्या वर्षी त्याच गल्लीतून समाजकार्याला जाणाऱ्या मुलीला "आधी यावर कुणी लिहिलंय?" या प्रश्नाचं पहिलं उत्तर तिथेच मिळेल.