सूस रोडवरच्या गाडीचा वेग कोण ठरवतं?

पुण्यात सकाळी नऊला सूसहून शिवाजीनगरकडे गाडी काढलीत, तर तिचा वेग कोण ठरवतं? इंजिन? रस्त्याची रुंदी? वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्यांचं उत्तर ऐकून चक्रावायला होतं. ज्या बसमध्ये तुम्ही बसला नाहीत, ती बस ठरवते!

कसं, ते पाहायला आधी जपानला जाऊ. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिथल्या संशोधकांनी २३० मीटर घेराच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सोडल्या. सिग्नल नाही, खड्डा नाही, मध्येच घुसणारी रिक्षा नाही. ताशी ३० किलोमीटरच्या आसपास चालवा, एवढंच सांगितलं होतं. तरी कोंडी झाली! एकाने वेग जरासा कमी केला, मागच्याने थोडा जास्त, त्याच्या मागचा थांबलाच. गाड्या पुढे जात होत्या आणि कोंडी ताशी सुमारे २० किलोमीटरने मागे सरकत होती. रस्ता भरत आला की वाढलेली प्रत्येक गाडी बाकी सगळ्यांचा वेळ खाते.

बसचं नेमकं उलट. दर २० मिनिटांनी बस असेल, तर थांब्यावर सरासरी १० मिनिटं जातात. प्रवासी दुप्पट झाले आणि पीएमपी या बससेवेने फेऱ्याही दुप्पट केल्या, की ५ मिनिटं. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट मोहरिंग यांनी १९७२ साली हे गणित मांडलं. म्हणजे तुम्ही बसमध्ये चढलात, की कुठल्याशा थांब्यावरच्या अनोळखी माणसाचा वेळ वाचायला हातभार लागतो. माणसं वाढली की वेगवान होणारी व्यवस्था! मला तर याहून सुंदर गणित शहरात दुसरं दिसत नाही.

आता गाडी आणि बस हे एका नळीने जोडलेले दोन हौद समजा. गाडीने लवकर पोहोचता येतं असं दिसलं, की माणसं बस सोडून गाडी काढतात. रस्ता तुंबत जातो. गाडीला बसइतकाच वेळ लागू लागला, की ओघ थांबतो. मग नुसता रस्ता रुंद केला तर? बसचे प्रवासी गाडीत, म्हणून फेऱ्या कमी, म्हणून थांब्यावरचा वेळ जास्त. बस मंदावते आणि तिच्या पाठोपाठ गाडीही. रस्ता वाढवून सगळेच उशिरा पोहोचू शकतात! अँथनी डाउन्स आणि जे. एम. थॉमसन यांच्या नावाने हा विरोधाभास ओळखला जातो.

अट मात्र एक आहे. बसला किंवा रेल्वेला स्वतःची वाट हवी. वाटेतल्या पाषाणच्या गर्दीत मोटारींच्या मागे अडकलेली बस कुणाचाच वेग वाढवू शकत नाही. हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रोमार्गाचं मोल इथे कळतं. बालेवाडी, बाणेर करत तो गणेशखिंड रस्त्याच्या डोक्यावरून जातो. त्याच्यासाठी विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला गेला. मोटारींसाठी बांधलेला पूल मेट्रोसाठी पाडायचा!

आणि प्रवासाचा हा सारा वेळ मोजायचा घराच्या दारापासून. सूस २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलं, पण मेट्रोची वाट बाणेरवरून जाते. मधलं अंतर बसनेच तोडायचं. त्या छोट्या बसच्या फेऱ्या वाढल्या, तर मेट्रोचा जिना कधीच न चढणारा, विद्यापीठ चौकात स्टिअरिंग धरून बसलेला माणूससुद्धा कचेरीत लवकर पोहोचेल.