मनाचे आजार : नवे संशोधन आणि आपले घर

या विषयावर बोलायला मंडळाने मला बोलावले, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला की माझ्याऐवजी इंदूरचा एखादा मानसोपचारतज्ज्ञ का नको? मी बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीचा डॉक्टर. घरी मारवाडी, दारी हिंदी आणि आजोळ जळगावचे, म्हणून मराठी. माधवनगरात दवाखाना थाटून पस्तीस वर्षे उलटली. चिटणीसांनी उत्तर दिले, "डॉक्टरसाहेब, लोक आधी तुमच्याकडेच येतात ना?" ते खरे आहे. मानसोपचारतज्ज्ञाच्या दारात स्कूटर दिसली की गल्लीत कुजबुज होते, माझ्या दारात दिसली तर लोक सर्दी समजतात. त्यामुळे झोप उडालेला मुलगा, महिनाभर न बोललेली सून, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असे म्हणणारे काका, अशी माणसे आधी माझ्यासमोर येऊन बसतात.

म्हणून सुरुवातीलाच एक सांगून टाकतो. माझ्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांनी स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवीय विकार किंवा तीव्र नैराश्य बरे होते, याला भरवशाचा पुरावा नाही. माझ्या काही व्यवसायबंधूंना हे आवडणार नाही. पण अशा रुग्णाला मी ऐकून घेतो आणि पुढे पाठवतो. सुरुवातीच्या काळात पाठवायला उशीर करत असे, ती चूक मी मान्य करतो.

आपल्या भागात या आजारांसाठी दोनच पत्ते माहीत होते, इंदूरचे बाणगंगा आणि ग्वाल्हेर. "याला ग्वाल्हेरला धाडा" हे वाक्य थट्टेत उच्चारले जायचे आणि त्याच थट्टेने खरा रुग्ण घरात दडवला जायचा. बंगळुरूच्या निम्हान्सने 2015-16 मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले, त्यात मध्य प्रदेशही होता. प्रौढांपैकी सुमारे 10.6 टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता. त्याहून बोचणारा आकडा दुसरा आहे. उपचारांविना राहिलेल्यांचे प्रमाण आजारानुसार 70 ते 92 टक्के होते. म्हणजे दहा रुग्णांपैकी सात ते नऊ जण घरातच.

आता औषधांकडे वळू. ही कथा विलायतेत सुरू झाली असे आपण समजतो, पण तिचे एक टोक आपल्या मातीत आहे. सर्पगंधेची मुळी बिहारकडे 'पागल की दवा' म्हणून विकली जाई. 1931 मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर तिचा उपयोग लिहून ठेवला. 1949 मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील आपले अनुभव इंग्लंडच्या नियतकालिकात छापले आणि जगाचे लक्ष गेले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसर्पिन वेगळे काढले गेले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमझिन हे औषध मनोरुग्णांना दिले गेले आणि बांधून ठेवावे लागणारे रुग्ण मोकळे बसू लागले. पुढे कळले की क्लोरप्रोमझिन मेंदूतल्या डोपामिन या रसायनाची वाट अडवते. त्यानंतर सत्तर वर्षे स्किझोफ्रेनियाची जवळजवळ सगळी औषधे याच एका वाटेने गेली.

सर्पगंधेने आणखी एक काम केले, तेही चुकून. रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास होऊ लागले. रेसर्पिनमुळे मेंदूतली सेरोटोनिनसारखी रसायने कमी होतात, हे दिसले होते. मग लोकांनी उलटे गणित मांडले: नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची कमतरता. हे गणित इतके सोपे होते की डॉक्टरही ते रुग्णाला सांगू लागले. मीही सांगितले आहे. पण 2022 मध्ये लंडनच्या जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा या समजुतीला सुसंगत पुरावा सापडला नाही.

ही बातमी आली आणि माझ्याकडच्या दोन रुग्णांनी परस्पर गोळ्या बंद केल्या. इथे जरा थांबून विचार करायला हवा. औषध कसे काम करते हे न कळणे वेगळे आणि औषध काम न करणे वेगळे. 2018 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आंद्रेआ सिप्रियानी यांच्या गटाने 21 नैराश्यविरोधी औषधांच्या 522 चाचण्या एकत्र तपासल्या. सहभागी रुग्ण एक लाख सोळा हजारांहून अधिक. सगळी औषधे नकली गोळीपेक्षा सरस ठरली, मात्र हा फरक सरासरीने माफक होता. म्हणजे ही औषधे ना जादूची कांडी आहेत, ना थोतांड. आणि त्यांपैकी अनेक अचानक तोडली तर चक्कर, चिडचीड, झोपमोड होते, म्हणून ती डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळू उतरवायची असतात.

नव्या औषधांचे मी थोडक्यात सांगतो, कारण आपल्या औषधाच्या दुकानात ती सहज मिळायला वेळ आहे. भूल देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या केटामिनचा एक भाऊबंद नाकात मारायच्या फवाऱ्याच्या रूपात 2019 मध्ये अमेरिकेत हट्टी नैराश्यासाठी मंजूर झाला. सप्टेंबर 2024 मध्ये झॅनोमेलिन आणि ट्रॉस्पियम यांची जोडगोळी स्किझोफ्रेनियासाठी मंजूर झाली. डोपामिनची वाट थेट न अडवता वेगळ्या दारातून जाणारे असे हे पहिलेच औषध. जनुकांचा अभ्यासही पुढे गेला आहे. 2022 मध्ये स्किझोफ्रेनियाशी संबंध असलेल्या 287 जागा आपल्या जनुकसंचात दाखवून देण्यात आल्या. एवढ्या जागा, आणि प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. "आमच्या घराण्यात वेड आहे" असे म्हणून मुलीचे लग्न मोडणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले संशोधन प्रयोगशाळेत झालेले नाही. ते गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, अमरावतीच्या खेड्यांत आणि आपल्या शेजारच्या सिहोर जिल्ह्यात झाले.

गोव्यात 1996 मध्ये डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 'संगाथ' ही संस्था काढली. त्यांचा प्रश्न साधा होता. मानसोपचारतज्ज्ञ मूठभर आणि रुग्ण लाखो, मग बोलून करायचा उपचार दुसऱ्या कोणी शिकून केला तर? त्यांनी मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण दिले. दहा आरोग्य केंद्रांतल्या मध्यम ते तीव्र नैराश्याच्या 495 रुग्णांपैकी निम्म्यांना डॉक्टरांची नेहमीची काळजी मिळाली, निम्म्यांना तीसोबत सहा ते आठ बैठका. तीन महिन्यांनी बैठका मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर होते, दुसऱ्या गटातले 39 टक्के.

त्या बैठकांत काय होत असे? नैराश्यातला माणूस म्हणतो, "बरे वाटले की फिरायला जाईन." हा उपचार ते उलटे करतो: आधी फिरायला जा, बरे वाटणे मागून येईल. मात्र "जरा बाहेर पड की!" असे ओरडून हे होत नाही. समुपदेशक रुग्णासोबत बसून आठवड्याचा तक्ता करतो. पूर्वी काय आवडत होते, त्यातले सगळ्यांत लहान, जमेल असे काय, कोणत्या वाराला, किती वाजता. भजनीमंडळ सोडलेल्या बाईने पहिल्या आठवड्यात फक्त पेटीवरची धूळ पुसायची. पुढच्या आठवड्यात विचारायचे, पुसली का, आणि नसेल तर आडवे काय आले.

अमरावती जिल्ह्यातल्या तीस खेड्यांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला, शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर. तिथे सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी फक्त 4.3 टक्के लोक उपचारांपर्यंत पोहोचत होते. अठरा महिन्यांनी 27.2 टक्के. आदल्या वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण 5.2 वरून 2.5 टक्क्यांवर आले. तुलनेसाठी दुसरी खेडी नव्हती, त्यामुळे सगळे श्रेय उपक्रमाला देता येत नाही. तरीही गावातलीच माणसे दारोदार जाऊन बोलत होती, हे मला मोलाचे वाटते. आणि उज्जैनहून भोपाळच्या गाडीत बसलात की भोपाळच्या अलीकडे लागते ते सिहोर. तिथे 'मन-कक्ष' उघडले गेले आणि आशा कार्यकर्तींना मोबाइलवरून हाच बैठकांचा उपचार शिकवण्याचा प्रयोग झाला. ज्यांना कोणाकडेच जायचे नाही, त्यांच्यासाठी ऑक्टोबर 2022 पासून 14416 हा सरकारी टेलि-मानस क्रमांक आहे. फोन फुकट आहे आणि स्कूटर कोणाला दिसत नाही.

घराविषयी एक जुना अभ्यास अजून ताजा आहे. 1972 मध्ये लंडनच्या जॉर्ज ब्राउन यांनी स्किझोफ्रेनियातून सावरून घरी परतलेल्यांवर नजर ठेवली. ज्या घरांत सतत टोमणे, नावे ठेवणे किंवा जीव घुसमटवणारी काळजी होती, तिथे नऊ महिन्यांत 58 टक्क्यांचा आजार उलटला, शांत घरांत 16 टक्क्यांचा. पुढे चंदीगडला असाच अभ्यास झाला, तेव्हा आपल्याकडे अशी टोमणेबाज घरे लंडनपेक्षा कमी आढळली. याचा अभिमान बाळगायला हरकत नाही, पण तो 1980 च्या दशकातला अभ्यास आहे आणि आपली घरे तेव्हापासून लहान झाली आहेत. ज्यांना हे डोळ्यांनी पाहायचे आहे त्यांनी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' पाहावा. मुलाच्या आजाराबरोबर बहिणीचे दमणेही त्यात दिसते.

आता माझ्या समाजातली एक गोष्ट. द्विध्रुवीय विकारात माणूस कधी आभाळाला हात लावतो, कधी अंथरुणातून उठत नाही. त्यावर 1949 पासून वापरात असलेले लिथियम आजही पहिल्या रांगेत आहे. ते एक साधे क्षार आहे. मूत्रपिंडाला ते मिठासारखेच वाटते. अंगातले पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंड मीठ धरून ठेवते आणि सोबत लिथियमही. रक्तात त्याची पातळी साधारण 0.6 ते 1.0 असावी, 1.5 च्या पुढे धोका सुरू होतो. अंतर इतके कमी.

काही वर्षांपूर्वी माझ्या ओळखीच्या घरातल्या तरुणाने पर्युषणात अठ्ठाई धरली. आठ दिवस फक्त उकळलेले पाणी, तेही सूर्यास्तापर्यंत. लिथियमची गोळी मात्र आई सकाळी न चुकता देत होती. पाचव्या दिवशी त्याचे हात थरथरू लागले, जीभ जड झाली, एक उलटी झाली. मला बोलावले. मी नाडी पाहिली आणि म्हणालो, तपाचा अशक्तपणा आहे, पारणे होईल तेव्हा भरून निघेल. दुसऱ्या दिवशी तो चालताना भिंतीला आपटला. तेव्हा मला लिथियम आठवले. रात्री त्याला इंदूरला नेले, सलाइन लावले, रक्ताचा रिपोर्ट दोनच्या वर आला. तो वाचला. त्या घरातल्या कोणी मला एका शब्दाने दोष दिला नाही, हे मला जास्त लागले.

तेव्हापासून मी आमच्या महाराजसाहेबांपासून घरच्या सुनांपर्यंत सगळ्यांना हे सांगत असतो. चौविहार पाळणारे लोक रात्रीची गोळी सोडून देतात, त्यांनी ती वेळ बदलता येते का हे डॉक्टरला विचारावे. बहुधा बदलता येते. एकादशी, चतुर्थी करणाऱ्या आपल्या मराठी घरांनाही हे लागू आहे, आणि मेच्या उन्हात घाम गाळणाऱ्या प्रत्येकालाही.

तो तरुण आता चाळिशीकडे झुकला आहे, स्वतःचे कापडाचे दुकान सांभाळतो. पर्युषणाच्या आधीच्या आठवड्यात तो रक्ताचा रिपोर्ट घेऊन माझ्या दवाखान्यात येतो. मी आकडा वाचतो, त्याच्यासमोरच त्याच्या इंदूरच्या डॉक्टरांना फोन लावतो आणि या वर्षी एकासणे करायचे की तेही नाही, ते ठरते.