सुटे भाग आणि अख्खी गाडी

आता एक उदाहरण घेऊ. १९७३ सालची पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७. तिचे दोन प्रकार आपल्या कामाचे: एम ४७१ म्हणजे स्पोर्ट, एम ४७२ म्हणजे टूरिंग. इंजिन दोन्हींचं एकच, २१० अश्वशक्तीचं. फरक कशात? स्पोर्टमध्ये मागची आसनं नाहीत, घड्याळ नाही, दार आतून उघडायला साधा पट्टा. टूरिंगमध्ये ९११ एसचा आरामशीर सरंजाम. वजनं ९६० आणि १०७५ किलो.

मग टूरिंगमधलं जास्तीचं सामान काढून स्पोर्टचे भाग बसवले, तर ती स्पोर्ट होते का?

‘मिलिंदप्रश्ना’त नागसेन राजाला विचारतो, आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? राजा नाही म्हणतो. बौद्ध म्हणतील, भागांच्या जुळणीला दिलेलं नाव म्हणजे रथ. नैयायिक म्हणतील, अवयवी अवयवांहून निराळा. आपण यात एक भर घालू: वस्तूला इतिहासही असतो. कारखान्यात ती काय म्हणून घडली, हा भाग बाजारात सुटा मिळत नाही.

म्हणून बदललेली टूरिंग हौसेने जरूर चालवावी. स्पोर्ट म्हणून विकली, की ती फसवणूक. टूरिंग कमी प्रतीची म्हणून नव्हे, तर सांगितलेला इतिहास तिचा नाही म्हणून.