बाळाच्या नावाशेजारी आता आईचंही नाव

पाळणा सजलाय, घुगऱ्या शिजल्यात, आत्या बाळाच्या कानाशी वाकून कुर्रर्र करतेय. बारशाचा हा थाट आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. नाव ठेवायचा मान आत्याचा, सुचवायचा हक्क साऱ्या गावाचा! पण बाळाच्या नावामागे जे मधलं नाव लागतं, त्याचा विचार त्या गडबडीत कुणी करत नाही. आज आपण त्याबद्दलच बोलू.

आपल्याकडे मधलं नाव निवडायचं नसतं, ते असतंच. आजवर बाळ, बाप आणि आडनाव अशी तीन नावं लागायची. नऊ महिने पोटात वाढवलेल्या आईचं नाव त्या ओळीत नसायचं. महाराष्ट्र शासनानं मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला आणि ही ओळ बदलली. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव शासकीय कागदपत्रांत असं लिहायचं: आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. जन्माची नोंद, शाळेची कागदपत्रं, जमिनीचा सातबारा, सगळीकडे हाच क्रम. लग्न झालेल्या बाईनं स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव लिहायचं ही पद्धत मात्र आहे तशीच राहिली आहे.

म्हणजे आता मधली नावं दोन झाली, आणि दोन्ही आधीच ठरलेली. त्यांना शोभेल असं पहिलं नाव शोधणं एवढंच आपल्या हातात आहे. त्यासाठी आम्ही गटात एक सोपी रीत काढली आहे. मनात असलेलं नाव एकटं म्हणायचं नाही. चारही नावं सलग, मोठ्यानं, शाळेतल्या हजेरीसारखी म्हणायची. जीभ कुठं अडते ते लगेच कळतं.

मुलीचं नाव नेहा आणि आईचं आशा असेल, तर ऐकणाऱ्याला ‘नेहाशा’ ऐकू येतं. सई सुनीता संतोष साळुंखे हे कागदावर छान दिसतं, पण घाईत म्हणून बघा, जीभ वळते! आईवडिलांची नावं लांब असतील, म्हणजे ज्ञानेश्वरी आणि पांडुरंग अशी, तर बाळाचं नाव ईशा किंवा ओम असं छोटं ठेवावं. उमा आणि राम अशी छोटी असतील, तर सानिका किंवा समाधान असं भरघोस नाव खुलून दिसतं. आईचं नाव किरण आणि वडिलांचं शीतल असेल, तर आई कोण नि वडील कोण हे वाचणाऱ्याला कळत नाही. तिथं अर्जातला रकाना दोनदा तपासावा.

हे झालं कानाचं. खरा प्रश्न पुढंच आहे. आईचं नाव लिहायचं, पण कोणतं?

हसू नका बायांनो. आमच्या गटातल्या एका सखीचं हेच झालं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं गेलं. आधार कार्डावर माहेरचं नाव, शिधापत्रिकेवर सासरचं, आणि बँकेच्या पासबुकात माहेरच्या नावाला ‘बाई’ जोडलेलं. बाळ झालं तेव्हा घरातल्या माणसांनी अर्ज भरायला घेतला. आईचं नाव म्हणून सासरचं नाव लिहायचं हे त्यांनी ठरवूनही टाकलं. आम्ही बाळंतिणीला भेटायला गेलो होतो. आमच्यातली एक सहज म्हणाली, “अगं, तुला कोणतं हवंय?” ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.”

तिनं माहेरचं नाव सांगितलं. आधारवर तेच होतं, म्हणून बाळाच्या अर्जातही तेच लिहिलं. शिधापत्रिका आणि पासबुक दुरुस्त करायला नंतर चार फेऱ्या पडल्या, पण आता तिची सगळी कागदं एकच नाव सांगतात. सासरचं नाव हवं असेल तर तेही चालतं, त्यात कमीपणा नाही. फक्त ते तुमच्या पसंतीचं असावं आणि सगळ्या कागदांवर एकच असावं. म्हणून आमचं सांगणं आहे की बाळाचं नाव ठरवायच्या आधी आईचं नाव पक्कं करा. हे काम सातव्या महिन्यात करा, बाळंतपणानंतर नको.

इंग्रजी अक्षरंही तेव्हाच ठरवा. सुनीतामध्ये आय लिहायचा की डबल ई? पूजामध्ये यू की डबल ओ? एका अक्षराच्या फरकानं पुढं शाळेत, बँकेत अडतं. आधारवर आहे तसंच उतरवून घ्या.

आता नोंदणीचं. जन्म जिथं झाला, तिथल्या हद्दीत नोंद होते. बाळंतपण घरी झालं तर ग्रामपंचायतीत कळवावं लागतं, दवाखान्यात झालं तर दवाखाना कळवतो. जन्म २१ दिवसांच्या आत कळवायचा. तोवर नाव ठरलं नसेल तरी नोंद थांबवू नका. नाव न लिहिताही जन्माची नोंद होते आणि पुढं वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येतं. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. म्हणून दाखला हातात पडताच तिथंच उभं राहून चारही नावं वाचा. वाचता येत नसेल तर गटातल्या एखादीला सोबत न्या. चूक पुरावा देऊन दुरुस्त होते, पण हेलपाटे आपल्यालाच पडतात.

आणखी एक गोष्ट. एकटीनं मूल वाढवणाऱ्या आईनं दाखल्यासाठी घाबरून मागं राहू नये. अविवाहित किंवा एकटी आई शपथपत्र देऊन जन्मदाखला मागू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली स्पष्ट केलं आहे.

सख्यांनो, येत्या बैठकीला प्रत्येकीनं आधार कार्ड, शिधापत्रिका आणि पासबुक घेऊन यावं. तिन्ही शेजारी ठेवून आपलं नाव वाचू. कुणाची किती नावं निघतात ते बघू, आणि जिला जे नाव आपलं वाटतं ते तिनं मोठ्यानं सांगावं. ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्यांनी तर चुकवूच नये.