बाकाबाई भोसले : बेचाळीस वर्षांचें वैधव्य

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं नागपूर शहरांत मारबतींची मिरवणूक निघते, ही गोष्ट विदर्भांतील वाचकांस नव्यानें सांगावयास नको. बांबू, कागद व कापड यांच्या त्या प्रचंड आकृति महाल-इतवारीच्या रस्त्यांवरून नेतात, गांवांतील रोगराई व इडापिडा आपल्याबरोबर घेऊन जाण्याविषयीं लोक त्यांस ओरडून सांगतात, आणि शेवटीं त्यांचें दहन होतें. मुख्य दोन मारबतींपैकीं काळी मारबत १८८१ सालापासून निघते असें सांगण्यांत येतें. ती कोणाची प्रतिमा असें विचारल्यास कोणी पूतना राक्षसीचें नांव घेतात. परंतु पुष्कळ नागपूरकर निःशंकपणें सांगतात कीं ती बाकाबाईची. भोसल्यांच्या घराण्यांतील ज्या बाईनें इंग्रजांस साह्य केलें, तिचा हा दरसालचा धिक्कार होय, असा त्याचा अर्थ लाविला जातो.

एखाद्या राजस्त्रीस मरणानंतर शंभराहून अधिक वर्षें लोकांनीं अग्नि द्यावा, असें तिनें काय केलें होतें? लोकस्मृति निवाडा देते, पण कैफियत ऐकून घेत नाहीं. ती कैफियत थोडक्यांत वाचकांपुढें ठेवावी, एवढाच आमचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. बाईंचा दोष धुऊन काढावा असा आमचा आग्रह नाहीं. तो दोष किती व कोठून आला, एवढें पाहावयाचें आहे.

राजदरबारांतील विधवेविषयीं न्यायानें बोलणें सर्वत्रच कठीण गेलेलें दिसतें. राजा चुकला तर ती चूक राजकारणाच्या खातीं पडते. तीच चूक स्त्रीच्या हातून झाली तर ती तिच्या स्वभावाच्या खातीं मांडली जाते. कैकेयीचें नांव आपण आपल्या मुलींस ठेवीत नाहीं. परंतु विचार न करितां वर देऊन बसलेल्या दशरथाची मात्र सत्यनिष्ठा म्हणून स्तुति करितों. युरोपांतहि असाच एक दाखला आहे. फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री १५५९ सालीं भाल्यांच्या खेळांत जखमी होऊन वारला. त्याची राणी कॅथराइन डी मेडिसी ही इटलींतील फ्लॉरेन्सच्या सावकार घराण्यांतली, म्हणून फ्रेंच सरदारांस आधींच परकी. तिचे तीन पुत्र एकामागून एक गादीवर बसले. १५६० सालीं दहा वर्षांच्या नवव्या चार्लसच्या नांवानें तिनें कारभार हातीं घेतला, तेव्हां कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट असे दोन पक्ष एकमेकांचा गळा धरून उभे होते. दोहोंत समेट व्हावा म्हणून तिनें वारंवार खटपट केली. तथापि १५७२ च्या ऑगस्टमध्यें पॅरिस शहरांत प्रॉटेस्टंटांची जी कत्तल झाली, तिचा डाग तिच्या नांवास कायमचा लागला. पतीमागें तिनें आमरण काळीं वस्त्रें वापरिलीं, आणि फ्रान्सच्या लोकस्मृतींत ती काळी राणी होऊन बसली. नागपूरच्या काळ्या मारबतीचें हें सादृश्य विचार करण्यासारखें आहे. मात्र फ्रान्समध्यें इतिहासकारांनीं त्या राणीचा खटला पुन्हां पुन्हां चालविला; बाकाबाईंच्या वांट्यास तें भाग्य फारसें आलें नाहीं.

आतां नागपूरकडे वळूं. दुसरे रघूजी भोसले हे मोठ्या राज्याचे धनी होते. परंतु १८०३ च्या युद्धांत अडगांव येथें पराभव झाला आणि देवगांवच्या तहानें कटक प्रांत व वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड त्यांच्या हातून गेलें. तरीहि इंग्रजांची तैनाती फौज पत्करावयाची नाहीं, हा निर्धार त्यांनीं अखेरपर्यंत पाळला. २२ मार्च १८१६ रोजीं ते निवर्तले. बाकाबाई या त्यांच्या आवडत्या राणी. गादीचा वारस परसोजी हा अंध व पंगु असून राज्य चालविण्यास सर्वथा असमर्थ होता. अशा वेळीं राजा कोण, हा प्रश्नच नव्हता. राजाच्या नांवानें शिक्का कोण उठविणार, हा खरा प्रश्न होता.

एका बाजूस बाकाबाई व रघूजींचे दासीपुत्र धर्माजी भोसले. दुसऱ्या बाजूस रघूजींचे पुतणे आप्पासाहेब. एप्रिल महिन्यांत आप्पासाहेबांनीं धर्माजींस कैद करून कारभार हस्तगत केला. पुढें धर्माजी मारले गेले. पुतण्याचा जय झाला खरा, पण आसन डळमळीत होतें. तें स्थिर व्हावें म्हणून त्यांनीं २७ मे १८१६ रोजीं इंग्रजांशीं तैनाती फौजेचा तह केला व तिच्या खर्चास सालीना साडेसात लक्ष रुपये देण्याचें कबूल केलें. जें दार रघूजींनीं बारा वर्षें अडसर घालून बंद ठेविलें होतें, तें त्यांच्या मृत्यूनंतर सव्वादोन महिन्यांत उघडलें. तें उघडणारा हात बाकाबाईंचा नव्हता. ज्या आप्पासाहेबांस आपण पुढें सीताबर्डीच्या युद्धाकरितां आदरानें आठवितों, त्यांचाच तो होता. येथें आम्हांस आप्पासाहेबांची निंदा करावयाची नाहीं. घरांतील भाऊबंदकींत परक्यास पंच नेमलें कीं घर पंचाचें होतें, हा धडा मात्र त्या वर्षींच नागपुरास मिळाला.

पुढील दोन वर्षें राजवाड्यानें भयंकर पाहिलीं. १ फेब्रुवारी १८१७ रोजीं परसोजी मृत आढळले. त्यांचा गळा दाबून प्राण घेतला, व तो आप्पासाहेबांच्या संमतीनें, असें पुढें निष्पन्न झालें. आप्पासाहेब गादीवर बसले. त्याच वर्षीं २६ व २७ नोव्हेंबर रोजीं सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली. भोसल्यांची फौज संख्येनें कितीतरी अधिक असूनहि टेकडी हातीं आली नाहीं. डिसेंबरांत इंग्रजांची आणखी सेना आली व शहर पडलें. मार्च १८१८ मध्यें आप्पासाहेब कैद झाले, मे महिन्यांत पहाऱ्यांतून निसटले, आणि पुनः नागपूर त्यांस दिसलें नाहीं. १८४० सालीं जोधपूर येथें त्यांचा अंत झाला. हा सर्व प्रसंग बाकाबाईंनीं राजवाड्यांत राहून पाहिला, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें चाळीस वर्षांनीं त्यांनीं जो निर्णय केला, त्याची बीजें येथें आहेत.

इंग्रजांनीं रघूजींच्या कन्येचा अल्पवयी पुत्र बाजीबा यास परसोजींच्या विधवा दुर्गाबाई यांच्या मांडीवर दत्तक देऊन तिसरे रघूजी या नांवानें गादीवर बसविलें, आणि त्याचे पालनपोषण व राजगृहाची व्यवस्था बाकाबाईंकडे सोंपविली. राज्याचा कारभार मात्र रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यानें इंग्रज अधिकाऱ्यांकरवीं चालविला. म्हणजे राजवाडा बाईंकडे, व राज्य साहेबाकडे. कागदोपत्रीं बाई राज्यप्रतिनिधि. वस्तुतः अधिकार उंबरठ्यापाशीं संपे. परंतु त्या मर्यादेंतहि एक काम होतें. ज्या वाड्यांत एका राजाचा गळा दाबला गेला, त्याच वाड्यांत दहा वर्षांच्या घरांतील मुलास जिवंत ठेवून वयांत आणावयाचें, हें काम लहान नव्हे. तें पार पडलें. १८२६ च्या तहानें राजास कांहीं अधिकार मिळाले, आणि १८३० च्या सुमारास राज्यकारभार पूर्णपणें त्याच्या हातीं आला.

११ डिसेंबर १८५३ रोजीं तिसरे रघूजी वारले. त्यांस पुत्र नव्हता व हयातींत त्यांनीं दत्तक घेतला नव्हता. यशवंतराव आहेरराव या आप्त मुलानें उत्तरक्रिया केली, व राण्यांनीं त्यासच दत्तक मानून जानोजी भोसले हें नांव दिलें. धर्मशास्त्राप्रमाणें पतीमागें विधवेनें दत्तक घेणें ही आपल्याकडे सर्वमान्य रीति. परंतु गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यानें ती मानली नाहीं. सुमारें ऐशीं हजार चौरस मैलांचें व चाळीस लक्षांहून अधिक वस्तीचें राज्य वारस नाहीं म्हणून कंपनीकडे आलें, असें त्यानें ठरविलें. त्याच्याच कौन्सिलांतील कर्नल लो यानें या निर्णयास विरोध नोंदविला, ही गोष्ट त्या गृहस्थास भूषणावह आहे. उपयोग मात्र झाला नाहीं. १८५४ च्या मार्चमध्यें राज्य खालसा झाल्याचें जाहीर झालें.

यानंतर जें घडलें तें राज्य जाण्याहून लाजिरवाणें होतें. हत्ती, घोडे, उंट, बैल यांचा सीताबर्डीवर लिलाव झाला. जडजवाहीर विक्रीकरितां कलकत्त्यास गेलें. वाड्यांतील सामानास हात लागला तेव्हां पंचाहत्तरीच्या घरांत आलेल्या बाकाबाईंनीं निक्षून सांगितलें कीं सामान हलविल्यास वाड्यासच आग लावीन. ही हकीकत इंग्रज इतिहासकार के यानें आपल्या ग्रंथांत नमूद केली आहे, तेव्हां ती घरच्या भाटानें रचिलेली म्हणतां येणार नाहीं. राण्यांनीं अर्ज केले, वकील विलायतेपर्यंत पाठविले. सर्व व्यर्थ गेलें. ज्या बाईस आपण इंग्रजांची बटीक म्हणतों, ती या प्रसंगीं त्यांच्यासमोर चूड घेऊन उभी होती. काळ्या मारबतीमागें चालणाऱ्या किती जणांस हें ठाऊक असेल, याची आम्हांस शंका आहे.

आतां आरोपाचें वर्ष. १८५७ च्या जूनमध्यें नागपूरजवळ टाकळी येथील घोडदळानें उठावाचा बेत केला. १३ जूनच्या मध्यरात्रीं शहरांतून आकाशदिवे सोडावे व ती खूण पाहून सर्वांनीं एकदम उठावें, असें ठरलें होतें. परंतु पायदळास मिळवून घेण्याचा यत्न फसला, बेत फुटला, आणि पुढाऱ्यांस फांशीं देण्यांत आलें. या वेळीं बाकाबाईंनीं आपलें सर्व वजन इंग्रजांच्या पारड्यांत टाकिलें. आप्त, आश्रित व जुने सरदार यांस त्यांनीं स्वस्थ राहावयास लाविलें. आणि मराठी मुलूख शांत राहिला याचें श्रेय सरकारी गॅझेटियरनेंहि त्यांस दिलें आहे. हा आरोप खोटा नाहीं. झांशीची राणी लक्ष्मीबाई हिचेंहि राज्य त्याच १८५४ सालीं, त्याच कायद्यानें, तशाच दत्तकाच्या प्रश्नावर गेलें होतें. तिनें १८५८ सालीं रणांगणावर देह ठेविला. एकाच अन्यायास दोन विधवांनीं दिलेलीं हीं दोन उत्तरें. यांतील कोणतें उत्तर लोकांनीं हृदयांत जपावें, हें सांगावयास पंडित नको.

तथापि दुसऱ्या उत्तराचें कारण समजून घेण्यास हरकत नसावी. सीताबर्डीवर मोठी फौज एका रात्रींत कशी निष्फळ होते, हें बाईंनीं पाहिलें होतें, आणि या वेळीं तर भोसल्यांपाशीं फौजच उरली नव्हती. जवळच कामठीस इंग्रजांची मद्रासी पलटणें होतीं. जानोजींच्या दत्तकाचा प्रश्न लोंबकळत होता. उठावांत घराण्याचें नांव गुंतलें असतें तर उरलेंसुरलेंहि गेलें असतें. त्यांनीं राज्याची आशा सोडून कुळाची आशा धरिली, असें आम्हांस वाटतें. आणि तो हिशेब, क्षुद्र म्हणा वा दूरदर्शी म्हणा, चुकला नाहीं. बाकाबाई १८५८ सालीं वारल्या. त्याच वर्षीं कंपनीचेंहि राज्य संपलें. पुढें सरकारनें जानोजींचें दत्तविधान मान्य करून त्यांस सातारा जिल्ह्यांतील देऊरचे राजेबहादूर ही वंशपरंपरेची पदवी दिली. जो दत्तक अर्जांनीं व वकिलांनीं मिळाला नाहीं, तो त्या एका उन्हाळ्यांतील मौनानें मिळाला.

या सौद्याची किंमत कोणी दिली, हा प्रश्न मात्र राहतोच. ती टाकळीच्या त्या फांशीं गेलेल्या शिपायांनीं दिली, ज्यांस ना पदवी मिळाली, ना दत्तक पाहिजे होता. म्हणून बाकाबाईंस निर्दोष ठरविण्यास आमचें मन घेत नाहीं. कुळ राखणें हा गृहिणीचा धर्म. परंतु जिच्याकडे नगर पाहत असतें, तिचें कुळ नगराएवढें असावें लागतें. तेथें बाई उण्या पडल्या. उलटपक्षीं त्यांच्या बेचाळीस वर्षांच्या वैधव्यांतून एकच उन्हाळा उचलून तेवढ्यावर संपूर्ण आयुष्याचा निवाडा करणें हेंहि न्यायाचें नव्हे. १८१६ चा तह ज्यांनीं केला, १८५४ चा अन्याय ज्यांनीं केला, ते सर्व पुरुष पुस्तकांत गेले. जळावयास एकटी स्त्री उरली.

मिरवणूक बंद करा असें आम्ही म्हणत नाहीं. रोगराई जाळण्याची प्रथा चांगलीच आहे. परंतु मुलें घरीं परतल्यावर वडीलधाऱ्यांनीं त्यांस दोन साल सांगावे : बाई १८५७ सालीं गप्प राहिल्या, आणि १८५४ सालीं त्याच बाई वाड्यास आग लावावयास निघाल्या होत्या. दोन्ही गोष्टी एकाच मनुष्याच्या आहेत हें ज्या मुलास उमगलें, त्याला इतिहास कळूं लागला असें खुशाल समजावें.