सोलच्या गल्लीतील खानावळ

या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर तत्त्वज्ञान, इतिहास, साहित्य आणि अर्थकारण यांची सत्रे नेहमी होतात. त्यांच्या पंगतीत एका परदेशी खानावळीस पाट मांडावा, हे काही श्रोत्यांस चमत्कारिक वाटेल. परंतु आमचे शिक्षण कॉलेजात झालेले नाही. ते कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले आहे. त्या शिक्षणातून आम्ही एक गोष्ट शिकलो. एखाद्या देशातील कष्टकऱ्याची स्थिती जाणावयाची असेल, तर तो दुपारी कोठे जेवतो, काय जेवतो आणि ते त्यास कोण वाढते, हे आधी पाहावे. वेतनाचे कोष्टक खोटे लिहिता येते, ताट खोटे वाढता येत नाही.

कामगार चळवळीच्या कामानिमित्त आम्हांस दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोल शहरात, काही दिवस राहावे लागले. त्या मुदतीत दोन्ही वेळचे जेवण गल्लीतल्या खानावळीतच होत असे. आपल्या मुलामुलींना कोरियन मालिकांमुळे किमची वगैरे नावे तोंडपाठ आहेत. तेव्हा त्या पदार्थांच्या चवीचे वर्णन आम्ही फार करीत नाही. त्या टेबलामागे काय काय आहे, एवढेच सांगतो.

ताटाची मांडणी

अशा खानावळीस तेथे ‘शिक्दांग’ म्हणतात. वीस-पंचवीस माणसे मावतील एवढी जागा, काही टेबले आणि भिंतीवर पदार्थांची व दरांची पाटी, एवढाच सरंजाम. जुन्या खानावळीत पादत्राणे काढून जमिनीवर बसण्याचीही सोय आढळते. टेबलाच्या कडेच्या खणात चमचे आणि धातूच्या काड्या असतात, त्या आपणच काढून घ्यावयाच्या. पाणीही बहुधा आपले आपण आणावयाचे. कोठे कोठे टेबलावर घंटेचे बटण असते, ते दाबले की वाढणारी बाई येते. बक्षिसी ठेवण्याची चाल नाही.

रोजच्या साध्या जेवणाचे नाव ‘बेकबान’. त्याचा शब्दार्थ पांढरा भात. झाकणाच्या पोलादी वाटीत भात येतो आणि काळ्या मातीच्या भांड्यात रटरटता ‘जिगे’ येतो. जिगे म्हणजे दाटसर रस्सा. तो जुन्या आंबलेल्या किमचीचा असेल किंवा सोयाबीन आंबवून केलेल्या लगद्याचा असेल. याखेरीज लहान लहान बशा मांडल्या जातात. मिरचीत मुरविलेल्या कोबीची किमची, वाफवून कालवलेले मोडाचे सोयाबीन, तिळाच्या तेलातला पालक, परतलेली बारीक सुकी मासळी, समुद्रातल्या शेवाळाचे भाजलेले पापुद्रे. या तोंडीलावण्यांना ‘बान्चान’ म्हणतात. आपण फक्त जिगे मागितलेला असतो, बान्चान न मागता येते. बशी रिकामी झाली की पुन्हा भरून मिळते आणि तिचे वेगळे दाम पडत नाहीत. भाताची दुसरी वाटी मात्र विकत घ्यावी लागते. पुष्कळ वर्षे तिचा दर सर्वत्र १,००० वॉन असाच ठरून गेला होता.

भात आणि रस्सा चमच्याने खावयाचा, तोंडीलावणे काड्यांनी उचलावयाचे. वाटी हातात उचलून तोंडाशी नेणे तेथे असभ्य समजतात. पंक्तीतील वडील माणसाने चमचा उचलल्यावाचून धाकट्यांनी सुरुवात करू नये. चमचा भातात उभा खोचू नये, कारण मृतांना दाखवावयाच्या नैवेद्यात तो तसा खोचतात. पिंडाचा भात कसा असतो हे जाणणाऱ्या आपल्या मंडळींस ही गोष्ट समजावून सांगावयास नको.

कुटुंबास तेथे ‘शिक्गू’ असा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ जेवणारी तोंडे. एका ठिकाणी खपणाऱ्या सोबत्यांविषयी बोलताना ‘एका हंड्यातला भात खाणारे’ असे म्हणतात. भेट झाली की ‘जेवलात का?’ म्हणून विचारण्याची रीत तेथेही आहे. ज्या समाजाने फार दिवस भूक पाहिली आहे, त्याच्या भाषेत जेवण असे जागोजाग येते.

वाटी कोणी मापली?

त्या पोलादी वाटीकडे जरा निरखून पाहावे. सोलमध्ये कोणत्याही खानावळीत गेलो तरी ती जवळजवळ एकाच मापाची आढळते. हे सहज घडलेले नाही. १९५० ते १९५३ च्या युद्धानंतर त्या देशात तांदळाचा तुटवडा होता. सरकारने लोकांना भातात जव मिसळावयास आणि गव्हाच्या पिठाचे पदार्थ खावयास लावले. शाळेत मुलांचे डबे उघडून त्यात जव आहेत की नाहीत हे तपासले जाई. १९६९ पासून आठवड्यातले दोन दिवस, बुधवारी आणि शनिवारी, दुपारच्या वेळात खानावळींना भाताचे पदार्थ विकण्यास मनाई झाली. पुढे १९७६ साली सोल शहराने वाटीचे माप ठरवून दिले. आतला व्यास साडेदहा सेंटिमीटर आणि उंची सहा सेंटिमीटर. पूर्वीची वाटी याहून बरीच मोठी असे.

१९७७ साली नव्या संकरित वाणाच्या जोरावर देश तांदळात स्वयंपूर्ण झाला. नंतर सुबत्ता आली, मांस आले, पाव आला. १९७० साली तेथील माणूस वर्षाकाठी सरासरी १३६ किलो तांदूळ खात होता. २०२४ साली तो ५६ किलोंपेक्षाही कमी खाऊ लागला. म्हणजे टंचाई गेली आणि तांदूळ उरू लागला, पण टंचाईतली वाटी टेबलावर राहून गेली.

तांदूळ वाचविण्याची ही धडपड चालली होती, तेव्हा कोरियाचे औद्योगिकीकरण भरात होते. परदेशी पाठवावयाचा माल स्वस्त हवा, त्यासाठी मजुरी कमी हवी आणि मजुरी कमी ठेवावयाची तर धान्य स्वस्त हवे, असे ते गणित होते. त्याचा भार खेड्यातल्या शेतकऱ्यावर आणि त्याच्या शहरात आलेल्या मुलींवर पडला. सोलच्या प्योंगह्वा बाजारात शिवणकामाचे कारखाने होते. तेथे कोवळ्या मुली कोंदट माळ्यांवर, उभे राहता येणार नाही इतक्या ठेंगण्या जागेत, दिवसाचे चौदा-चौदा तास राबत. चन थे-इल नावाचा एक तरुण कारागीर तेथे कापड बेतण्याचे काम करी. या मुली दुपारी उपाशी राहतात हे पाहून तो आपल्या बसभाड्याच्या पैशांतून त्यांना साच्यात भाजलेले स्वस्त गोड पाव घेऊन देई आणि स्वतः रात्री कित्येक मैल पायी घरी जाई. कामगारांच्या हिताचा कायदा १९५३ पासून पुस्तकात होता. तो अमलात आणा, एवढीच त्याची मागणी होती. ती कोणी ऐकेना. तेव्हा १३ नोव्हेंबर १९७० रोजी त्याने त्याच बाजारात स्वतःस जाळून घेतले. त्याचे वय २२ वर्षे होते. कोरियातील आजची कामगार चळवळ आपली वंशावळ त्या दिवसापासून सांगते. आम्ही तर असे म्हणू की तिची सुरुवात त्या पावांपासून, दुपारच्या एका न मिळालेल्या जेवणापासून झाली.

फुकट म्हणजे काय?

आता त्या न मागता येणाऱ्या बशांकडे वळू. पाहुण्यास वाटते, केवढे हे औदार्य! औदार्य आहेच. परंतु कामगार संघटकाची खोड अशी की कोणी फुकट म्हटले की तो विचारतो, याची मजुरी कोणी दिली?

पालक निवडणे, सोयाबीनची टरफले काढणे, कोबी मिठात घालून धुणे, या कामांना वेळ लागतो. खानावळीची मालकीण भल्या पहाटे उठते आणि दुपारच्या गर्दीआधी हे उरकते. तिच्या घरचे माणूस मदतीस असते, त्यास पगार नसतो. ग्राहक जिग्याचे पैसे देतो. बशांचा खर्च मालकिणीच्या झोपेतून निघतो.

१९८० च्या दशकात अन्नाची नासाडी थांबावी म्हणून सरकारनेच बान्चान मोजून देण्याचा प्रयत्न केला होता. लोकांनी तो मनावर घेतला नाही. २०१० सालच्या पावसाळ्यानंतर कोबी इतका महागला की एका गड्ड्यास दहा हजार वॉनांहून अधिक पडू लागले. त्याही वेळी किमचीचे दाम मागावयास खानावळवाल्यांस जीभ रेटेना. मग वाट निघाली ती दुसरीच. खानावळीच्या भिंतीवर कोणता जिन्नस कोणत्या देशातून आला हे लिहिण्याचे बंधन आहे. ती पाटी वाचली तर बऱ्याच ठिकाणी तांदूळ कोरियाचा आणि किमची चीनची असे आढळते. तेथील कुटुंबांनी एकत्र जमून किमची घालण्याच्या रीतीला २०१३ साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशात जागा दिली. पण स्वस्त खानावळीच्या टेबलावर मात्र बहुधा समुद्रापलीकडच्या कारखान्यातली किमची असते. आम्ही हे हिणवण्यासाठी सांगत नाही. चाल मोडावयाची नाही आणि दरही वाढवावयाचा नाही, असे ठरले की खर्चाची काट कोठे तरी लागणारच, हे दाखविण्यासाठी सांगतो.

मावशी

वाढणाऱ्या बाईस तेथे ‘इमो’ अशी हाक मारतात. इमो म्हणजे आईची बहीण, म्हणजे आपली मावशी. हा अर्थ आम्हांस प्रथम कळला तेव्हा आम्ही थक्क झालो. हजारो मैलांवर नेमके हेच नाते खानावळीत यावे!

पण या हाकेला दोन बाजू आहेत. मावशी म्हटले की माया आली. तिने आणखी एक बशी वाढावी, उशिरापर्यंत थांबावे, तोंड हसरे ठेवावे, हा जणू भाच्याचा हक्कच झाला. मावशीला कोणी कामाचे तास विचारीत नाही, तिला सुटी असते हे कोणाच्या ध्यानात येत नाही. २०१० नंतरच्या वर्षांत तेथील एका स्त्री-संघटनेने या बायांसाठी ‘ताट मांडणारी कारागीर’ अशा अर्थाचा नवा शब्द सुचविला होता. तो लोकांच्या तोंडी बसला नाही. सूचना मात्र विचार करण्याजोगी होती.

या मावश्या कोण? कोणी प्रौढ वयाच्या, ज्यांना इतरत्र काम मिळणे कठीण. कोणी चीनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कोरियन वंशाच्या. २००७ सालापासून अशा लोकांसाठी खास परवान्याची सोय झाली आणि खानावळींच्या स्वयंपाकघरांतून त्यांची बोली अधिकच ऐकू येऊ लागली.

आणि येथे आमच्या विषयाचा गाभा आहे. ज्या कायद्यासाठी चन थे-इलने प्राण दिले, तो कायदा पाचांहून कमी नोकर असलेल्या जागी आजही पुरता लागू नाही. जादा कामाचा वाढीव दर, भरपगारी वार्षिक रजा, विनाकारण काढून टाकल्यास दाद, ही कलमे लहान खानावळीच्या दाराशी थांबतात. गल्लीतल्या खानावळीत नोकर असून असून किती असणार? दोन किंवा तीन.

मालकास दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. १९९७ च्या आर्थिक संकटात कारखान्यांतून आणि कचेऱ्यांतून माणसे मोठ्या संख्येने बाहेर फेकली गेली. हाती आलेली पुंजी घालून त्यांपैकी अनेकांनी खानावळी काढल्या. कोरियात काम करणाऱ्या पाच माणसांत सुमारे एक स्वतःच्या धंद्यात आहे. हे प्रमाण श्रीमंत देशांत पुष्कळच मोठे आहे. २०१८ साली किमान वेतन १६.४ टक्क्यांनी वाढून तासाला ७,५३० वॉन झाले, तेव्हा लहान दुकानदार निषेधासाठी रस्त्यावर उतरले. वर्तमानपत्रांनी चित्र रंगविले ते मालकीण विरुद्ध मावशी असे. आम्हांस ते पटत नाही. जागेचे भाडे, घरपोच जेवण पोहोचविणाऱ्या कंपन्यांची दलाली आणि एकाच गल्लीतल्या दहा खानावळींची चढाओढ यांखाली दोघीही दबलेल्या आहेत. त्याच २०१८ साली दुकानाच्या भाडेकरूस कराराचे नूतनीकरण मागण्याचा हक्क पाचांऐवजी दहा वर्षे देणारी दुरुस्ती झाली. मालकिणीचा पाय टेकला तर मावशीचाही टेकेल, ही ती दिशा होय.

आपला हिशेब

एक हिशेब श्रोत्यांनी घरी करून पाहावा. २०२५ साली कोरियात तासाचे किमान वेतन १०,०३० वॉन होते आणि सोलमध्ये किमची-जिग्याचे जेवण साडेआठ हजार वॉनांच्या आसपास पडत होते. म्हणजे सर्वांत कमी मजुरीच्या माणसास एका तासाच्या कष्टात पोटभर ताट मिळून थोडे उरत होते. आपल्या औद्योगिक वसाहतींतील कंत्राटी कामगाराच्या एका तासात काय बसते, ते त्यास विचारावे. किमान वेतनाच्या सभेत बसणाऱ्यांनी आकडेवारीबरोबर हे मापही वापरावे, असे आम्हांस वाटते.

दुसरी गोष्ट संघटनेची. पाचांहून कमी माणसांच्या जागी युनियन कशी बांधावी, हा प्रश्न कोरियाप्रमाणे आपल्याकडेही आहे. परंतु आपल्याकडे एक उदाहरणही आहे. मुंबईत गिरणी कामगारांना घरगुती जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायांना १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेच्या कर्जापर्यंत नेले. एकेकट्या चुलीपाशी बसलेल्या बायांची संघटना होणार नाही असे म्हणणारे तेव्हाही पुष्कळ होते. त्या बायांना एकत्र येण्यास कारखान्याचे फाटक लागले नाही. एकच धंदा आणि एकच अडचण, एवढे पुरले.

सोलच्या खानावळीतले जेवण रुचकर असते आणि एकट्या माणसासही तेथे परके वाटत नाही. न मागता भरणारी ती बशी जगातून नाहीशी व्हावी असे आम्ही कधीच म्हणणार नाही. आमचे मागणे एवढेच की ती भरणाऱ्या बाईस मावशी म्हणावे आणि कामगारही म्हणावे. पहिला शब्द ग्राहकाने आपण होऊन दिलाच आहे. दुसरा कायद्याने द्यावयाचा आहे आणि तो मिळविण्याचे काम आपण संघटना करणाऱ्यांचे आहे.